कललेल्या इमारतीतले नाना

पुंडलिकनाना कुठंही बसले की आधी डाव्या मांडीखाली वर्तमानपत्राची घडी सरकवायचे. लग्नाच्या पंगतीत, न्हाव्याच्या खुर्चीत, एकदा तर डॉक्टरांच्या तपासणीच्या टेबलावरसुद्धा. ही सवय त्यांना आमच्या इमारतीनं लावली. जळगावातली ती सात मजली इमारत भूकंपाच्या एका धक्क्यानं पश्चिमेकडं कलली होती. पडली नाही, नुसती कलली. न लावलेलं दार आपोआप उघडायचं आणि ताटातलं वरण काही केल्या भाताजवळ थांबायचं नाही. पाहणीचे कागद फिरत होते तोवर आम्ही तिथंच राहत होतो. जाणार कुठं?

नाना सहाव्या मजल्यावर एकटेच राहायचे. सारी नोकरी एसटी चालवण्यात गेलेली, त्यामुळे इमारतही त्यांच्या लेखी गाडीच. "काही भ्याऊ नका, भाऊ," ते मला जिन्यात थांबवून सांगायचे, "गाडी जराशी वळणवर शे. पुढे सरळ व्हई जाई."

गाडी सरळ होईना, तेव्हा नानांनी लाकडाच्या पाचरी तासायला घेतल्या. पलंगाखाली, कपाटाखाली, शेगडीखाली. आधी स्वतःच्या घरात, मग न बोलावता आमच्या. माझ्या बायकोचं देवघर त्यांनी तीनदा सरळ केलं. चौथ्यांदा आले तेव्हा तिनं दारातच चहा दिला आणि दारातूनच निरोप दिला.

त्यांचं खरं भांडण खालच्या मजल्यावरच्या शेवंताअक्कांशी. अक्का फैजपूरकडच्या, सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. नानांची ठोकठोक थेट त्यांच्या डोक्यावर. "तुमच्या हातोड्यापेक्षा भूकंप परवडला," त्या जिन्यातून ऐकवायच्या. नाना दुसऱ्या दिवशी त्यांच्या दाराशी दोन पाचरी ठेवून यायचे.

शेवटी नोटीस आली. आठ दिवसांत इमारत रिकामी करायची. बाकी सगळे गेले, आम्हीही जवळच भाड्यानं घर घेतलं. राहिले दोघंच. अक्का म्हणाल्या, "आयुष्यात माझ्या नावाची पाटी पहिल्यांदा याच दारावर लागली. ती टाकून मी जाणार नाही." नाना का थांबले, कुणाला कळेना. म्हातारा हट्टी आहे, असं आम्ही ठरवून टाकलं.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी मी समजूत घालायला गेलो. लिफ्ट बंद होती. धापा टाकत पाचव्या मजल्यावर पोचलो तर नाना अक्कांच्या उंबऱ्यावर उकिडवे बसलेले. समोर अक्का, हाताची घडी घालून.

"तुम्ही जा ना, तुम्हाला कुणी अडवलंय?" अक्का म्हणत होत्या.

"जास. नवी खोली बघेल शे," नाना म्हणाले. मग खाली बघत हळूच, "पण एकलाले माले भ्याव लागस, अक्का. बाजूनी खोली रिकामी शे. तुम्ही तठे ऱ्हायल्यात तर मी जास."

रात्री-अपरात्री घाटातून बस काढणारा माणूस हे बोलत होता. अक्का आत गेल्या आणि पेचकस घेऊन आल्या. "पाटी काढा," त्या म्हणाल्या. "आणि स्क्रू हरवू नका."

मी अक्कांची ट्रंक उचलली. नाना एक-एक पायरी सांगत पुढं, मागं अक्का, काखेत पाटी. मधल्या जिन्यात त्या दोनदा टेकल्या. दोन्ही वेळा नानांनीच आपल्याला दम लागल्याचं सांगितलं.

महिन्याभरानं मी त्यांच्याकडं गेलो. शेजारी शेजारी दोन खोल्या, दोन दारं. अक्का आतून ओरडत होत्या की भाकरी निवतेय आणि शेजारचा म्हातारा अजून अंघोळीला गेला नाही.

मी नानांना हळूच म्हटलं, "नाना, त्या दिवशी भीतीचं नाटक मात्र झकास वठवलंत."

नाना दोरीवरचा टॉवेल ओढत होते. हात थांबला.

"नाटक कसानं, भाऊ," ते म्हणाले, आणि टॉवेल खांद्यावर टाकून अंघोळीला गेले.