नवरी आली, पाठराखीण राहिली

शाळेत नवा प्रिंटर आला त्या दिवशी आमचे वाघमारेबाबू खोक्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "पोरगी कोनाकडची आहे?"

माझी तलमडुगूहून आदिलाबादकडच्याच बेला गावातल्या मराठी शाळेत नुकतीच बदली झाली होती. मी आपली इकडेतिकडे पोरगी शोधतेय! शेवटी मुख्याध्यापक हळूच म्हणाले, "बाई, ते प्रिंटरबद्दल बोलून राह्यले."

वाघमारेबाबू म्हणजे आमचे कारकून. आडनाव वाघमारे, पण कॉम्प्युटरच्या उंदराला हात लावायच्या आधी तळवा पँटला पुसून घेणार. त्यांचा खरा लौकिक मात्र वेगळाच. बेला म्हणू नका, जैनथ म्हणू नका, पैनगंगेच्या पलीकडेसुद्धा यांनी जमवलेल्या सोयरिकी आहेत. "एकबी पोरगी वापस आली नाही," हे ते छातीवर हात ठेवून सांगतात. आता असा माणूस कॉम्प्युटरपुढे बसवला तर त्याला तिथेही सोयरिकच दिसणार. कॉम्प्युटर नवरदेव, प्रिंटर नवरी, आणि दोघांचं पटलं नाही की बाबू खुर्ची ओढणार, "थांबा, आपन मधात बसू."

त्या प्रिंटरचं काही केल्या पटेना. मी पडद्यावरचं वाचून सांगितलं, "बाबू, ड्रायव्हर नाही म्हणतोय."

"घ्या! ड्रायवर नाही तं वरात निघन कशी?"

हसून हसून माझी पुरेवाट झाली. ड्रायव्हर नावाचा तो प्रोग्राम मी शोधून घातला. पहिला कागद बाहेर पडला तेव्हा बाबूंनी स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली.

मग वरून हुकूम आला, कॉम्प्युटरांची सिस्टीम नवी करा. केली. बाबूंनी जुना मराठी दाखला उघडला, तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. मी कपाळाला हात लावला. बाबू शांत. "सुनेले सासूची बोली समजून नाही राह्यली. तेलुगूकडची दिसते. तिच्यासंगं भांडू नका, बाई." एक जुना कॉम्प्युटर तेवढा त्यांनी नव्या सिस्टीमपासून वाचवला आणि कोपऱ्यात मांडला. मराठी दाखले तिथून निघू लागले. त्याचं नाव पडलं, म्हातारीची येगळी चूल.

तर असा हा माणूस एका सोमवारी तोंड पाडून बसलेला. काय झालं, तर घरचा कॉम्प्युटर. यांच्या घराला लागून जिनिंग. हंगामात कापसाची रुई उडते, ती जाऊन बसली कॉम्प्युटरच्या डब्यात. बाबूंनी डबा उचलला, बसमध्ये मांडीवर घेतला, आदिलाबादच्या दुकानात नेला आणि आपल्या हिंदीत सांगितलं, "भय्या, अंदर से पूरा साफ कर दो."

भय्यानं पूरा साफ केला. रुई तर काढलीच, आतलंही सगळं पुसलं आणि वर नवी सिस्टीम टाकून दिली.

"मी रुई म्हटली, बाई! त्यानं घरदार साफ केलं!"

"काही महत्त्वाचं होतं का त्यात?"

"पत्त्याचा खेळ होता. जुना. तो गेला. मंडळी कवाची खोळंबून बसली आहे."

माझं डोकंच फिरलं. मंडळी! म्हणजे शाळेच्या कारकुनाच्या घरी पत्त्यांचा अड्डा! "बाबू, शोभतं का हे या वयात? आणि एवढीच हौस असेल, तर नवा खेळ आहे ना त्यात?"

"नव्यात घडीघडी जाहिराती येतात. अन् त्याच्यात ते नाही."

"ते म्हणजे काय?"

"जाऊ द्या," बाबू म्हणाले आणि नखानं टेबल खरवडत बसले. म्हातारीच्या चुलीवरून त्यांनी तो जुना खेळ पेनड्राइव्हवर नेऊन पाहिला होता, पण घरी तो उघडेना. "येता का बाई घरी? तुमाले इंग्रजी वाचता येते. खेळ नाही लागला तं कठीन आहे माह्यं."

शाळा सुटल्यावर मी निघाले. म्हटलं, बरंच झालं, त्या मंडळींनाही दोन शब्द सुनवून येऊ.

घरात अड्डा नव्हता. कॉम्प्युटरसमोर हातांच्या खुर्चीत एक बाई बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर निपचित, माऊस डावीकडे.

"ही आमची मंडळी," बाबू म्हणाले.

मी जीभ चावली. या भल्या माणसानं जुन्या रीतीनं, मानानं बायकोला मंडळी म्हटलं, आणि मी मनात बारा गावचे जुगारी गोळा केले! सुमनवहिनींना लकवा झाला होता. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. त्यांनी डाव्या हातानं मला स्टूल दाखवलं, बसा म्हणून.

मी खेळ उघडून पाहिला. पडद्यावर सूचना आली. "बाबू, खेळ आणलात, पण पत्त्यांच्या चित्रांची फाइल तिकडेच राहिली. तिच्याशिवाय हा चालत नाही."

"हात्तिच्या! नवरी आनली अन् पाठराखीन तिकडंच राह्यली! एकटी पोरगी सासरी तोंड उघडन कशी?" मोटरसायकलला किक मारून ते शाळेत गेले आणि पाठराखणीला घेऊन आले.

तरी नवी सिस्टीम अडून बसली. मग मी सेटिंगमध्ये जाऊन तिला सांगितलं, या एका खेळापुरती तू जुन्या सिस्टीमसारखी वाग.

"म्हंजे सासरच्याइनं थोडं माहेरावानी वागाचं," बाबू पुटपुटले. "बराबर आहे."

हिरवा पट उघडला, त्यावर पत्ते पसरले. वहिनींनी माऊस धरला. डाव अडला. त्यांनी दुसरा लावला.

आम्ही ओसरीवर येऊन चहा घेतला. मी विचारलं, "बाबू, नव्या खेळात नाही ते काय?"

"जुन्यात डाव जिंकला का सारे पत्ते टनाटन उड्या मारत खाली येतात. ते पाहून हसते ही. आवाज काढून हसते. लकवा झाल्यापासून तिचा आवाज मले तेवढाच आयकू येते, बाई. दुसरा नाही."

माझे डोळे भरून आले. मी ते लपवलेही नाहीत. बाबूंनीच विषय बदलला. "तुमच्या भावाचं जमलं का कुठी? जैनथले एक पोरगी आहे, डीएड झालेली, मानसं लय—"

आतून हसू आलं. घोगरं, मोठं, श्वास पुरेना असं.

बाबू वाक्य तिथंच टाकून उभे राहिले. मी काही बोलतही नव्हते, तरी त्यांनी मला हातानं गप्प केलं.

"आयका," ते म्हणाले. "आयका बाई, हा तिचा आवाज आहे."