गुल्हाने साहेबांची नेरची पार्टी

माझ्या सासऱ्यांच्या तेरवीला गुल्हाने साहेब आले, फोटोपुढे हात जोडून उभे राहिले आणि पंगत बसेपर्यंत त्यांनी मांडव मोजून टाकला. पावलांनी. लांबीला एकदा, रुंदीला एकदा. मग माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, की मांडववाल्यानं एका पंगतीला तीनशे लोक बसतील असं सांगितलं असेल तर ते खोटं आहे, दोनशे चाळीसच बसतात. दुःखाच्या घरात हे काय बोलणं, म्हणून नवरा चिडला. त्या दिवशी साठेक लोकांनी आमच्या अंगणात लिंबाखाली उभ्यानं, पत्रावळ हातात धरून जेवण केलं.

शेषराव गुल्हाने त्यांचं नाव. साहेब ते कधीच नव्हते. यवतमाळात बांधकामाच्या कचेरीसमोरच्या गल्लीत माझं टायपिंगचं दुकान होतं. ठेकेदारांची टेंडरं तयार करून देणारे चार-पाच जण त्या गल्लीत बसत, त्यांतले ते एक. नकाशा बघायचा, माती किती खणावी लागेल, विटा किती, सिमेंट किती, मजूर किती ते काढायचं आणि प्रत्येक बाबीपुढे दर लिहायचा, हा त्यांचा धंदा. ते लिहायचे, मी टाइप करायचे.

"माह्यं पाऊल अडीच फूट. तीस वर्षांत इंचभर हाललं नाही," असं ते अभिमानानं सांगत. एकदा पायात काटा मोडला तर आठवडाभर त्यांनी काहीच मोजलं नाही. लंगडत मोजलं तर माप खोटं येते, म्हणाले. दुसरं त्यांचं वेड सांडलवंडीचं. वाळू आणताना थोडी सांडते, विटा उतरवताना थोड्या फुटतात, ते हिशेबात धरावं लागतं. साहेब ते चहातही धरत. हॉटेलवाल्याला सांगत, अर्ध्यापेक्षा बोटभर जास्त दे, कपातून बशीत ओतताना तेवढा सांडते. मी मुलीच्या शाळेच्या ड्रेसचं कापड आणलं तेव्हाही त्यांनी विचारलं होतं, "ताई, सांडलवंड धरली का?"

मग कापसाचा भाव पडला ती वर्षं आली. आमच्या गावात कापूस विकला गेला की घरं उठत. कुणी खोली काढे, कुणी स्लॅब टाके. ते सगळं थांबलं. सिमेंटच्या दुकानांची अर्धी शटरं दुपारीच खाली येऊ लागली. खाजगी काम उरलं नाही, म्हणून सगळे ठेकेदार सरकारी टेंडरांवर तुटून पडले. जो कमी भरेल त्याला काम. पंधरा टक्के बिलो, वीस टक्के बिलो, म्हणजे सरकारी अंदाजापेक्षा तेवढं कमी, असे आकडे मी रोज टाइप करू लागले. साहेबांच्या कागदावर मात्र तो शब्द येईना. ज्या कामाला जेवढं लागते तेवढं लागते, असं त्यांचं म्हणणं.

त्यातच झरी जामणीकडच्या एका पाड्यावर शाळेच्या दोन खोल्यांचं टेंडर निघालं. एका तरुण ठेकेदारानं नकाशा आणून दिला आणि संध्याकाळपर्यंत आकडे द्या म्हणाला. साहेबांनी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं निघाले, पुढे जीप केली, पुढे चालत गेले. तिसऱ्या दिवशी परत आले तेव्हा पँटवर गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला होता. रस्त्यात नाला आहे, त्यावर पूल नाही, ट्रक अलीकडेच थांबतो, असं त्यांनी पाहिलं होतं. पुढे अर्धा कोस सगळं सामान डोक्यावरून न्यावं लागणार. ती मजुरी त्यांनी वेगळी बाब म्हणून लिहिली.

ठेकेदार माझ्याच दुकानात बसून तो कागद वाचत होता. म्हणाला, ही बाब काढा, हिच्यापायी काम हातचं जाईल.

"नाला मी नाही घातला तिथं," साहेब म्हणाले. "म्या काढला म्हणून तो कागदावरून जाईन, जमिनीवरून कसा जाईन?"

ठेकेदारानं कागद उचलला आणि दोन दुकानं सोडून तिसऱ्याकडे गेला. त्याला काम मिळालं, पंचवीस टक्के बिलो. खिडक्यांच्या उंचीपर्यंत भिंती चढल्या, नाल्यापलीकडे सामान वाहण्यातच पैसे संपले आणि काम बंद पडलं. साहेबांचं म्हणणं खरं ठरलं असं मी त्यांना सांगायला गेले, तर त्यांचा चेहरा उतरला. लेकरं अजून झाडाखालीच बसून राह्यले असतील, एवढंच म्हणाले. पण गल्लीनं त्यातून वेगळाच धडा घेतला. गुल्हाने साहेबांकडे गेलं की टेंडर जातं. हळूहळू त्यांच्याकडे कुणी येईनासं झालं.

ते मात्र रोज येत. माझ्या दुकानातल्या बाकावर बसत, दुसऱ्यांचे नकाशे लांबून बघत. जेवणाचा डबा नसे. ते एकटे राहतात एवढं गल्लीला माहीत होतं. बायको वारली असेल असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही.

एका सोमवारी त्यांनी मला कागद दिला. एका खाजगी घराचं अंदाजपत्रक. दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणी. मालकाच्या नावाची जागा रिकामी.

"पार्टी नेरची आहे," म्हणाले.

मला बरं वाटलं, काम मिळालं म्हणून. पुढच्या महिन्यात तेच घर पुन्हा आलं, दर नवे घातलेले. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा. चौथ्या वेळी टाइप करताना माझा हात एका आकड्यावर थांबला. स्वयंपाकाच्या ओट्याची उंची. इतकी वर्षं मी टाइप करत आलेल्या सगळ्या घरांत ती एकच असे. इथे ती तीन इंच कमी होती. मला वाटलं चूक झाली, म्हणून विचारलं.

"बरोबर आहे ते," साहेब म्हणाले. "पार्टीची उंची कमी आहे."

ओट्याची उंची बाईच्या कोपरावरून ठरते, हे सांगायला मला नकाशा लागत नाही, आणि परक्या बाईचं कोपर कुणाला इतकं पाठ नसतं. मी टाइप करायचं थांबले आणि विचारलं, "वैनी नेरला असतात का?"

त्यांनी टेबलाची कड बोटांनी मोजली. मग सांगितलं. लग्नानंतर अठरा वर्षं दोघं टिनाच्या एका भाड्याच्या खोलीत राहिले. लेकरूबाळ झालं नाही. दरवर्षी साहेब घराचं अंदाजपत्रक करत आणि दरवर्षी म्हणत, दर थोडे उतरू देत. एका दिवाळीत वैनी भाऊबीजेला नेरला गेल्या आणि राहिल्या. भांडण नाही, काही नाही. घर झालं की न्यायला या, असा भावाकडून निरोप आला. त्याला नऊ वर्षं झाली होती. घर झालं नाही, म्हणून साहेब गेले नाहीत.

मी त्यांना रागावले. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या माणसाला मी रागावले, याची मला आजही लाज वाटत नाही. कागद पूर्ण टाइप केला, मालकाच्या जागी वैनींचं नाव विचारून घातलं, सुमन शेषराव गुल्हाने, आणि म्हटलं, नेरची बस अर्ध्या तासात आहे. घर नसेल तर कागद न्या. ते कागदाकडे बघत बसले. बस गेली. दुसरीही गेली. तिसरीला ते उठले.

दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच पायरीवर बसलेले होते, दाढी केलेली. आत आल्यावर सांगू लागले. भावानं चहा दिला. सुमनबाई आधी बाहेर आल्या नाहीत. मग आल्या, चष्मा लावून उंबऱ्यात बसल्या आणि पहिल्या बाबीपासून शेवटच्या बाबीपर्यंत सगळा कागद वाचला. तासभर लागला. साहेब अंगणात उभे होते.

"काय म्हणाल्या?"

"एक बाब राह्यली म्हणे. स्वयंपाकघराच्या खिडकीले जाळी नाही धरली. माश्या येतात."

"आणि येणार आहेत का त्या?"

"ते नाही विचारलं म्या," साहेब म्हणाले. त्यांनी घडी करून नेलेला कागद खिशातून काढला, माझ्यासमोर टेबलावर हातानं सपाट केला, आणि शेवटच्या ओळीखालच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "इथं टाका, ताई. जाळी, एक नग. दर मी आज बाजारात जाऊन पाहून येतो."