मास्तरांच्या आतड्याची परीक्षा

"या तपासणीत पैकीच्या पैकी मार्क घेणार!" गणिताच्या मास्तरांनी सोमवारीच जाहीर करून टाकलं. शुक्रवारी डॉक्टर त्यांच्या आतड्यात दुर्बीण घालून पाहणार होते. मोठ्या भावाचा आतड्याचा कॅन्सर फार उशिरा कळला होता. त्या धसक्याने बायकोनेच मास्तरांना हाताला धरून नेऊन तारीख घेतली होती.

मास्तर वरून हसत होते, आतून पार टरकले होते. तेवढ्यात पेपरात एक लेख सापडला. तंतुमय पदार्थांवर आतड्यातले चांगले जंतू पोसतात, त्यांच्यामुळे शरीराची संरक्षक फौज तयारीत राहते, आणि कॅन्सरला दूर ठेवायला तिची मदत होत असावी!

"अगं, ऐकलंस? चार दिवसांत फौज उभी करतो!"

"अहो, आजवर पालेभाजी दिसली की तोंड फिरवलंत!"

"अभ्यास परीक्षेच्या तोंडावरच करायचा असतो!"

मग काय विचारता! सकाळी गव्हाचा कोंडा, दुपारी राजमा, चारला जवस, संध्याकाळी बीट. पोट असं गुरगुरायचं, की भूगोलाचे सर खुर्ची लांब ओढून बसू लागले.

"कवायत चाललीये!" मास्तर त्यांना ऐटीत सांगायचे.

गुरुवारी सकाळी संडासातून किंकाळी आली. "अगं, लाल! सगळं लाल!"

बायकोच्या पायाखालची जमीनच सरकली. तशीच चपला घालून, रडत रडत, तिने मास्तरांना दवाखान्यात नेलं.

"काल काय खाल्लंत, सर?" डॉक्टरांनी शांतपणे विचारलं.

"बीट. पाच."

"आणि कोंडा, राजमा, जवस!" बायकोने यादी पूर्ण केली.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, हा बिटाचा रंग आहे, रक्त नव्हे! आणि तपासणीआधी नेमकं हेच बंद करायचं असतं! आत काही दिसायला नको का? सूचनांचा कागद वाचला नाहीत?"

सव्वीस वर्षं "आधी प्रश्न नीट वाचा" म्हणून पोरांवर ओरडणाऱ्या मास्तरांनी तो कागद घडीसुद्धा न मोडता कपाटात ठेवला होता. तपासणी आठ दिवस पुढे गेली. ते आठ दिवस बायकोला घास गोड लागला नाही.

अखेर तपासणी झाली. "एक छोटीशी गाठ होती, काढून टाकली," डॉक्टर म्हणाले. "तपासायला पाठवतोय, पण साधी वाटतेय. वेळेवर आलात, नाहीतर पुढे महागात पडली असती."

बायकोने डोळ्यांना पदर लावला. मास्तरांनी मात्र छाती फुगवली. "माझा कोंडा कामाला आला!"

"चार दिवसांचा कोंडा काय करणार, सर? तो जन्मभर खायचा. भाज्यासुद्धा."

"जन्मभर?" मास्तरांचा चेहरा पडला. मग ते हळूच म्हणाले, "उन्हाळ्याची सुट्टी तरी असेल ना?"

"नाही!" डॉक्टरांच्या आधी बायकोच म्हणाली.