भांगरे सरांचा हिरडा

माणूस भेटला की आपण 'बरं आहे ना?' विचारतो. आमच्या शेजारचे भांगरे सर विचारतात, "काय, गंज कितपत?" माझ्या भाचीच्या साखरपुड्यात त्यांनी नवरदेवाच्या वडिलांनाही हेच विचारलं. विहीणबाईंनी मला बाजूला घेऊन हळूच चौकशी केली, हे गृहस्थ भंगाराचा धंदा करतात का?

भंगार कसलं, अकोले तालुक्यातल्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेत. निवृत्तीनंतर कुणाला देव सापडतो, सरांना हिरडा सापडला. लोखंड गंजतं तसा माणूसही आतून गंजतो, हिरड्याचा काढा तो गंज थांबवतो, आयुष्याची वर्षं वाढवतो, आणि यालाच अँटिऑक्सिडंट म्हणतात, हा त्यांचा धडा. धडा आला म्हणजे प्रयोग आला. सफरचंदाच्या दोन फोडी करायच्या, एकीला काढा चोपडायचा आणि कुठली आधी काळी पडते याची वाट बघायची. आता हिरड्याचा रंगच मुळात तपकिरी. त्यामुळे साधी फोड अजून पांढरीफटक आणि काढ्याची फोड आधीच काळवंडलेली. लोक हसले की सर चाकूने वरचा थर खरवडतात आणि म्हणतात, "आतून बघा, आतून." तोवर सफरचंद खाण्याच्या लायकीचं राहत नाही.

पण एक सांगते, माणूस बेफिकीर नाही. "आधी गोळ्या सांगा, मग काढा मागा," हा नियम. बीपीची आहे का, शुगरची आहे का, सगळी उलटतपासणी. पोटुशी बाई दिसली तर लांबूनच नमस्कार. झाडपाल्याने काय अपाय होतोय, असं कुणी म्हटलं की त्यांचं डोकंच फिरतं. धोतराही झाडपालाच आहे, खाऊन बघा, म्हणतात. देतातही अर्धाच कप. आमच्या ह्यांनी एकदा त्यांची नजर चुकवून कपावर कप रिचवले. दुसऱ्या दिवशी संगमनेरची एसटी निघून गेली, हे आपले संडासात. वर सर खिडकीतून विचारतात, पाणी पिताय ना?

एवढ्या सगळ्यात काढा मिळत नव्हता तो फक्त काकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला. मागे त्यांच्या हृदयाची झडप बदलली, तेव्हापासून रक्त पातळ करायची गोळी रोजची. हिरडे निवडायचे काकूंनी, वाळवायचे काकूंनी, कुटायचे काकूंनी, आणि त्यांना घोटभरही नाही. मागितलं की सर विषय बदलायचे. "गावभर वाटप आन् घरात दुष्काळ," काकू मला हसत हसत सांगायच्या, पण डोळे भरून यायचे. यांनी आपल्याला मोडीत काढलंय, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

परवा काकूंनी पिशवी भरली. आता राजूरला भावाकडेच राहते म्हणाल्या आणि जीपची वाट बघत ओट्यावर बसल्या. सर तिथंच काढा गाळत राहिले. आमच्या ह्यांनी मात्र पोटाचा जुना राग काढलाच. एवढं अमृत आहे तर काकूंना का देत नाही, तुमचाच तुमच्या काढ्यावर विश्वास नाही का?

सरांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. एरवी पुस्तकी बोलणारा माणूस, एकदम गावचं बोलायला लागला. "डॉक्टरला इचारलं हुतं मी. ते म्हनले, त्या गोळीसंगं हे काय करंल ते खात्रीनं न्हाई सांगता येत. रगत वाहाया लागलं तर थांबायचं न्हाई. आता हे सांगून हिला भ्या घालू? का खात्री न्हाई ते हिला पाजू?"

जीपवाल्याने हॉर्न दिला. काकूंनी त्याला हातानेच जा म्हटलं. मग सरांना म्हणाल्या, "येवढं पोटात ठिवून बसलात व्हय? मला सांगायचं की." आणि पिशवी घेऊन आत गेल्या, चहा टाकायला. मला हसू आणि रडू एकदमच आलं.

सरांनी अर्धा कप काढा ह्यांच्यापुढे धरला. हे दोन पावलं मागे सरकले. "मग तुम्हीच घ्या, सर," मी म्हटलं. तेव्हा कळलं, काकूंची झडप बदलल्यापासून सरांनी स्वतः काढ्याला तोंड लावलेलं नाही. असं का, म्हणून विचारलं.

आत कपबश्या वाजत होत्या. सर तिकडे कान देऊन म्हणाले, "हिच्याबिगर जास्तीची वर्सं घिऊन मी काय करू?"