पैलवानाची पाठ

सासऱ्याला कामाला कसं लावावं हे कुणाला शिकायचं असेल, तर त्यानं चकलांब्याला माझ्याकडे यावं! अख्ख्या मोगलाईत माझ्याएवढी हिकमती सून नसेल, असं भैरोबाच्या जत्रेच्या आदल्या दुपारपर्यंत माझं ठाम मत होतं.

आमचे मामंजी म्हणजे उत्तरेश्वर पैलवान. कान पिळून वाळत घातलेल्या फडक्यासारखे, मान जवळजवळ नाहीच, आणि छाती अशी की तिच्यावर दोन माणसांचं पान वाढावं. जवानीत ते जत्रा-जत्रांतून कुस्त्या मारत हिंडले, हैदराबादेत एका नबाबाच्या पदरी राहिले, आणि गुडघा कुरकुरायला लागला तेव्हा गावी परतले. पण त्यांची पाठ कधी कुणी मातीला लावली नाही! म्हणून जत्रेत आखाड्याचा पहिला नारळ त्यांनीच फोडायचा. गावाचा कायदाच तो. ज्याची पाठ मातीला लागली नाही, त्याचा नारळ. आणि त्याला जो पाडील, त्याच्याकडे तो मान जायचा.

हा मान मामंजींनी इतका जपला होता, की झोपतानासुद्धा ते पाठ टेकत नसत. एक तर कुशीवर, नाहीतर खांबाला खांदा लावून बसल्या बसल्या. "पाठीला येकदा मातीची चव कळली, की ती पुन्यांदा मागती," असं म्हणायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, यांच्या पाठीवर गळू झालंय! बरेच दिवस मी कडुलिंबाचा लेप वाटून पाठवत होते, आणि ते बिचारे तो मुकाट्यानं गुडघ्याला लावत होते.

तर त्या दुपारी पाहुण्यांसाठी दळण मांडायचं होतं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, देवळात गेलेल्या. कडेवर माझी चार महिन्यांची तुळजा. तिला झोप आली होती; आणि झोप आली की ही मुलगी अशी ओरडते, जसं काही कुणी काढाच पाजतोय! मी तिला कडेवरून उतरवलं आणि मामंजींच्या मांडीवर ठेवलं.

मामंजींनी तिला थोपटलं. त्यांचं थोपटणं म्हणजे शड्डूच! तुळजानं दुप्पट सूर लावला.

"मामंजी," मी जात्यावरून म्हणाले, "तिला झोपायला छाती लागते. घटकाभर उताणे व्हा की."

"उताना? म्या?"

"इथं कोण बघतंय?"

मामंजींनी दाराकडं बघितलं. खिडकीकडं बघितलं. मग कोपर टेकलं, मग खांदा, आणि भरली बैलगाडी कलंडावी तसे ते हळूहळू कलंडत गेले. तुळजाला छातीवर घेतलं. दोनदा हुंदकून तिनं गाल टेकला आणि गप्प झाली. भांडं पालथं घातल्यासारखी एकदम गप्प!

मामंजी वर बघत राहिले. आमच्या माळवदाला मधोमध सवणं आहे, उजेडाचं भोक. त्यातून उन्हाचा एक खांब खाली उतरला होता, आणि जात्याचं पीठ त्यात चढत होतं, तरंगत होतं.

"सूनबाई," ते हळूच म्हणाले, "वर लई जागा हाय की गं!"

"असणारच. माळवद आहे ते."

"म्या कधी बघितलंच न्हाई. समोरच्याचे पायच बघत आलो सारा जलम."

जातं घुमत होतं. त्या घुमण्यावर मामंजी बोलायला लागले, माझ्याशी नव्हे, त्या उन्हाशी. नबाबाच्या आखाड्यात तांबड्या मातीत हळद आणि ताक मुरवायचे, पावलाखाली लोण्यासारखी लागायची. कुस्ती संपली की माणसं पटके हवेत उडवायची. वर बघितलं तर पाखरांचे थवे उठल्यासारखं दिसत असेल. "पर वर कोन बघतंय? आमी खाली बघून पुढच्या गावाला निगायचो..." बोलता बोलता त्यांचा आवाज पातळ झाला, आणि घोरणं सुरू झालं. प्रत्येक श्वासासरशी तुळजा वर जायची, खाली यायची, गोदावरीच्या डोहात बांधून ठेवलेल्या होडीसारखी. मी जातं थांबवलं नाही. थांबवलं तर दोघंही कुठून तरी खाली पडतील असं वाटत होतं.

तेवढ्यात शेजारची बायडाबाई विस्तव मागायला आली. दारातच थबकली.

"आगं बया! पैलवान चीत!"

आणि विस्तव न घेताच पळाली! पुढचं काय सांगू? बातमी विहिरीवर पोचेपर्यंत उत्तरेश्वर पैलवानाला कुणीतरी पाडलं होतं. चावडीवर पोचेपर्यंत पाडणारा पंजाबहून आला होता. आणि मारुतीच्या पारावर त्यानं एका हातानं पाडलं होतं, दुसऱ्या हातात पेढा होता!

घटकेत आमच्या अंगणात अर्धं गाव. पुढे रामहरी पाटील, आणि त्यांच्या मागं आष्टीचे शहादेव पैलवान. हे जत्रेचे पाहुणे, मामंजींचे जुने जोडीदार, म्हणजे जुने वैरी. आयुष्यभर त्यांनी मामंजींना पाडायचं स्वप्न बघितलं आणि दर वेळी स्वतःच आभाळ बघितलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"कोन हाय त्यो? माझ्या आदी कावून पाडलं ह्याला?"

"शूऽऽऽ!" मी बोट ओठांवर ठेवलं. "मोठ्या मुश्किलीनं झोपलीय!"

आणि गेवराई तालुक्यातला सगळ्यात मोठा तंटा कुजबुजत सुरू झाला!

मामंजींनी डोळे उघडले. हलले मात्र नाहीत.

"ऊठ बे," शहादेव पुटपुटले.

"गप बे. पोरगी उठंल."

"पाठ टेकली का तुजी?"

"खाली वाकळ आहे!" मी मध्ये पडले. अपराध माझा होता ना! "वाकळ म्हणजे काही माती नव्हे!"

शहादेव आत येऊन गुडघ्यावर बसले, पंच बघतात तसा त्यांनी पाठीखाली हात घालून बघितला. हात जाईना. मग जमीन चाचपली. वाकळ मामंजींच्या कमरेपाशीच संपत होती. "दोनी खांदे," ते म्हणाले, "सारवलेल्या मातीला." एवढं स्वप्न खरं झालं होतं, पण तोंड असं, जसं घरातलं कुणी आजारी पडलंय.

पाटलांनी मिशीवर हात फिरवला. "उत्तरेश्वरराव, ही काय कुस्ती न्हाई. तुमी आत्ता उठून बसा, भंडाऱ्याला हात लावून म्हना, कुशीवर हुतो. गाव मानंल. उद्याचा नारळ तुमचाच. पर हितं येवड्या लोकांम्होरं पडून ऱ्हायलात, तर मान गेला बघा."

मी मनात म्हणत होते, मामंजी, उठा! झोपवीन मी तिला पुन्हा, रात्रभर झोपवीन!

मामंजींनी हनुवटी खाली करून तुळजाकडं बघितलं. तिच्या तोंडातून लाळेची तार निघून त्यांच्या छातीवरच्या पांढऱ्या केसांत गेली होती. झोपेतच ती कशाला तरी हसली.

"पाटील," ते कुजबुजले, "ती सपनात हाय. कुटंतरी लांब गेलीय. म्या उठलो तर वाट चुकंल. टेकली माझी पाठ. जाऊ द्या नारळ."

बाहेर एक हलगीवाला नाक पुसत होता.

मग शहादेव दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून उठले. "कायदा म्हंजी कायदा. जो पाडंल त्याचा मान. पाडलं कोनी?" त्यांनी तुळजाकडं बोट केलं. "हिनं! आन् अजून बी वरच हाय!"

पाटलांनी तोच निवाडा दिला. आत्याबाई देवळातून आल्या, त्यांनी नवऱ्याकडं बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "बरं झालं. माझ्या बाजूला आता सरळ तरी निजतील."

दुसऱ्या दिवशी आखाड्यात नारळ तुळजाबाई पैलवानांच्या हस्ते फुटला! म्हणजे तिनं त्याच्यावर हात ठेवला, दगडावर हाणला मामंजींनी. पटके उडाले. मामंजी एकटेच मान मागं टाकून, तोंड उघडं ठेवून वर बघत होते. मीही पाहिलं. खरंच, पाखरांचे थवेच!

संध्याकाळी घरी आलो. दिवसभर तुळजाला घेऊन माझे खांदे मोडले होते. मामंजी आजही वाकळ पसरून उताणे पडले होते, हातपाय पसरून, जन्मभराची उधारी फेडल्यासारखे. मी तुळजाला दूध पाजलं आणि त्यांच्या शेजारी अलगद पाठीवर निजवलं.

मामंजी ताडकन उठून बसले!

"कुशीवर, सूनबाई, कुशीवर!" ते दाराकडं बघत कुजबुजले. "शहादेव अजून गावातच हाय!"