सत्तर अंशांवरची कॉफी

"दूध उकळायचं नाही, हे तू आता तिसऱ्यांदा सांगितलंस," बायको म्हणाली. "आणि मी शेगडीच्या जवळपाससुद्धा नाहीये."

"मी स्वतःला सांगतोय," तो म्हणाला आणि पुन्हा पातेल्यात वाकून तापमापकाकडे बघू लागला.

सासूबाईंच्या घरात तापमापक आजवर फक्त आजारी माणसांसाठी बाहेर निघाला होता. पातेल्याला किती ताप आहे हे बघणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला, आणि तो नेमका त्यांचाच धाकटा जावई निघाला.

"अहो, आलं दूध उकळल्यावर घालायचं असतं," त्या दारातून भीत भीत म्हणाल्या. "आधी घातलं तर नासतं."

"आई, उकळलं की सुगंध उडून जातो," त्यानं लहान मुलाला समजवावं तसं समजावलं. "सत्तर अंश. त्याच्या वर एक अंशही नाही."

सासूबाईंनी उभ्या आयुष्यात कधी अंश मोजले नव्हते आणि त्यांचं दूध कधी नासलं नव्हतं. पण समोर रसायनशास्त्राचा पदवीधर उभा होता. त्या दारातूनच मागे फिरल्या.

पदवीधर रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत नोकरीला होता. पत्र्याच्या तुकड्यावर रंग फासायचा आणि तो कधी वाळतो ते बघत बसायचं, हे त्याचं काम. दर थोड्या वेळानं बोट लावायचं. बोटाला रंग लागला तर वाळला नाही, नाही लागला तर वाळला. एवढ्यासाठी चार वर्षं शिकावं लागतं. नोकरीमुळे एक गोष्ट मात्र झाली होती: कुठलीही गोष्ट झाली का नाही हे बोट लावून बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. पोळीवर बोट, ओल्या फरशीवर बोट, नुकत्याच निजवलेल्या भाच्याच्या गालावर बोट.

आज मात्र प्रश्न बोटाचा नव्हता, सुटीचा होता.

वर्षअखेरच्या मोठ्या सुटीआधी सगळे सासऱ्यांच्या घरी जमत आणि सुटीत काय करायचं ते सर्वानुमते ठरवत. सर्वानुमते ठरायचं ते नेहमी एकच. थोरल्या साडूंचं टेकडीवर घर होतं. तिथं आठवडाभर सगळ्यांनी राहायचं. घर छान होतं, हवा छान होती, आणि थोरले साडू गात असत. सकाळी गात, जेवणाआधी गात, जेवणानंतर गात. शेजारी वस्ती नव्हती. साडू म्हणत की शांतता हवी म्हणून त्यांनी घर तिथं बांधलं. कुणाच्या शांततेसाठी, हे कुणी विचारलं नव्हतं.

त्यांच्या गाण्याला एक नियम होता. गाणं चालू असताना कुणी जागचं हलायचं नाही. एकदा सासरे पाणी प्यायला उठले, तर साडूंनी डोळे उघडले, "रसभंग झाला," म्हणाले, आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तेव्हापासून त्या घरात लोक आधी पाणी पिऊन, नाक शिंकरून, मग गाण्याला बसत.

गेल्या महिन्यात साडूंनी कॉफीचं यंत्र घेतलं. त्याच्यावर विमानात असतील इतकी बटणं होती. "अशी कॉफी घरात होऊच शकत नाही, काय रंगारी?" साडू म्हणाले. ते त्याला रंगारी म्हणत. आणि रंगाऱ्याच्या तोंडून निघून गेलं, "याहून चांगली मी साध्या पातेल्यात करून दाखवतो, दादा. सुटीची खास, मसाले घालून."

"पैज?"

"पैज. हरलो तर टेकडीवर येतो. जिंकलो तर या वर्षी कुणी कुठं जायचं नाही. ज्यानं त्यानं आपापल्या घरी झोपायचं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

तर आज पातेल्यात दूध सत्तर अंशांना टेकलं. दालचिनी, लवंग, वेलदोडा आणि जायफळ त्यानं कॉफीच्या काढ्यात आधीच मुरवून घेतलं होतं. तो काढा दुधात गेला, साखर गेली. शेवटी ताज्या आल्याचा रस कपांच्या तळाशी घालून त्यावर त्यानं वरून धार धरली. वास असा सुटला की बैठकीतली बोलणी थांबली. कप बाहेर आणून त्यानं सगळ्यांपुढे ठेवले आणि प्रत्येकावर बशी उपडी घातली.

"जरा मुरू द्या," तो म्हणाला.

आणि इथं घात झाला. "मुरेपर्यंत एक होऊन जाऊ दे," थोरले साडू म्हणाले. होऊन जाऊ नये असं सगळ्यांना वाटत होतं, पण म्हणणार कोण? साडूंनी मफलर सोडला, डोळे मिटले आणि सूर लावला.

त्याचं बोट शिवशिवत होतं. बशी उचलावी, कॉफी किती निवली ते बघावं. त्यानं हात जरासा पुढे केला, तर बायकोनं नुसतं बघितलं. हात मागे गेला. गाणं संपतंय असं तीनदा वाटलं आणि तीनदा ते संपलं नाही. अखेर साडूंनी डोळे उघडले, सगळ्यांनी सुटकेच्या आनंदात टाळ्या वाजवल्या आणि बशा उचलल्या.

सासऱ्यांनी कप तोंडाला लावून तिरपा केला. काही आलं नाही. आणखी तिरपा केला. मान मागे गेली, कप कपाळाच्या वर गेला, छताकडे बघत ते म्हणाले, "अहो, यात कॉफी घातली होती ना?"

"दिसतेय तर खरी," सासूबाई आपल्या कपात डोकावत म्हणाल्या.

साडूंनी आपला कप सरळ उलटा धरला. कॉफी पडली नाही. त्यांनी तो हलवला. कॉफी थरथरली, पण जागा सोडली नाही. "वा रंगारी!" ते म्हणाले. "वाळला की हो तुमचा रंग!"

दूध नासेल अशी सासूबाईंना भीती होती. दूध दगा देऊन चक्क जमून बसलं होतं. त्याच्या डोळ्यांपुढे टेकडी उभी राहिली. पहाट झाली आहे, आणि कुणीतरी सूर लावतंय.

"हे असंच करायचं असतं," त्याचं तोंड म्हणालं. डोक्याला विचारलं नव्हतं. "चमच्यानं खायची कॉफी आहे ही."

बायकोनं भुवई उचलली, पण चमचे आणून दिले.

पहिला चमचा सासूबाईंनी घेतला आणि त्या थांबल्या. मग दुसरा, मग तिसरा. सासरे तर कपात डोकं घालून बसले. कप खरवडण्याचा आवाज तेवढा येत राहिला. थोरल्या मेहुणीनं स्वतःचं संपवून नवऱ्याच्या कपात चमचा घातला. "तुम्ही काही खात नाही ना?" असं तिनं विचारलं, पण उत्तरासाठी ती थांबली नाही.

"ही कॉफीच नाही," साडू म्हणाले. "कॉफी पितात."

"भाऊजी, पैजेत 'पिण्याजोगी' असा शब्द होता का?" बायकोनं विचारलं. ती विमा कंपनीत होती. लोकांचे दावे गोड बोलून फेटाळणं हे तिचं काम. "'चांगली' असा शब्द होता. बाकी काही ठरलं नव्हतं."

सगळे सासऱ्यांकडे बघू लागले. सासऱ्यांनी सारी नोकरी कोर्टात न्यायाधीशांच्या शेजारी बसून त्यांचे निकाल उतरवून घेण्यात घालवली होती. स्वतःचा एक निकाल द्यायची संधी निवृत्तीनंतर अशी चालून येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी चमचा ठेवला, घसा साफ केला.

"जिंकले. परंतु," ते म्हणाले, कारण निकालात 'परंतु' हवाच, "हे जाणूनबुजून केलं की चुकून झालं, याबद्दल थोरल्या पक्षाला शंका आहे. धाकट्या पक्षानं पुढच्या रविवारी हेच पुन्हा करून दाखवावं. झालं तर निकाल कायम. नाही झालं तर टेकडी."

धाकट्या पक्षाला रात्रभर झोप नाही.

कारण शोधायला त्याला वेळ लागला नाही. आल्यात एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, ते दूध जमवतं. उकळत्या दुधात ते मरून जातं, सत्तर अंशांना मात्र ते अगदी जोमात असतं. म्हणजे सासूबाईंचं खरं होतं, आणि त्याच्या अचूकपणामुळेच सगळं झालं होतं. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. शास्त्र कळलं म्हणजे गोष्ट हातात आली, असं त्याला वाटत होतं.

सोमवारी त्यानं घरी तीच कॉफी केली. तेच दूध, तेच आलं, तेच सत्तर अंश. कप झाकले. झाली नाही. वर पाणी, खाली चोथा. मंगळवारी आलं वाढवलं. चोथा वाढला. बुधवारी कप बदलले, गुरुवारी दूधवाला बदलला. शुक्रवारी पुन्हा सगळं पहिल्यासारखंच केलं; घरात प्यायला कॉफी उरली नाही, पण वास पडद्यांनासुद्धा येत होता.

"सगळं तेच आहे!" तो ओरडला. "एकही गोष्ट बदललेली नाही!"

बायको दारात उभी राहून बराच वेळ बघत होती. "आत्ता काय केलंस?" तिनं विचारलं.

"कुठं काय?"

"बशी उचललीस. बोट घातलंस."

"जमलं का ते बघायला!"

"त्याच्या आधी?"

"ते... त्याच्या आधीचं बघायला."

"जमायला लागलेल्या दुधात दर मिनिटाला बोट घातलं तर ते जमेल कसं? तुझ्या कारखान्यातला रंग तरी वाळतो का रे?"

कारखान्याच्या रंगाबद्दल ग्राहकांची तशी तक्रार होती खरी.

"आणि त्या दिवशी का नाही घातलंस बोट?" ती म्हणाली.

उत्तर दोघांनाही माहीत होतं. मफलर घालून ते उत्तर समोर उभं असल्यासारखं त्याला वाटलं.

शनिवारी त्यानं सगळे उपाय केले. हात पाठीशी बांधून बसला, तर कोपरानं कप हलवला. बायकोनं त्याला बाहेर काढून स्वयंपाकघराला कडी लावली, तर तो खिडकीतून "जमलं का, जमलं का," विचारत राहिला. शेवटी वैतागून तीच कप उचलून बघू लागली. आणि प्रश्न आता त्याच्या एकट्याचा नव्हता. उद्या सगळं घर कपांभोवती कोंडाळं करून बसणार. प्रत्येकाला बशी उचलून बघायची असणार. इतक्या माणसांना एका जागी, हात न हलवता, बसवून ठेवू शकेल अशी जगात एकच गोष्ट होती.

रविवारी कप मांडले, बशा उपड्या झाल्या. साडूंचा हात बशीकडे निघालाच होता.

"दादा," तो म्हणाला. आवाज त्याचाच होता, पण त्याला तो ओळखू येईना. "तुम्ही... गाता का जरा?"

सासऱ्यांनी चष्मा काढून त्याच्याकडे नीट बघितलं. मेहुणी घाईघाईनं पाणी प्यायली.

"मी?" साडू म्हणाले.

"हो. मोठं काहीतरी. सावकाशीचं."

साडूंनी मफलर सोडला. डोळे मिटण्याआधी त्यांनी ते पुसले, असं त्याला वाटलं. मग ते गायले. बशा हलल्या नाहीत, माणसं हलली नाहीत, त्याचं बोटसुद्धा हललं नाही. गाणं संपलं तेव्हा सासऱ्यांनी कप उचलला, थेट स्वतःच्या टकलावर उलटा धरला, आणि टक्कल कोरडंच राहिलं.

"निकाल कायम," ते म्हणाले. "या वर्षी टेकडी नाही. ज्यानं त्यानं आपापल्या घरी."

जिंकल्याचा आनंद त्यानं चमचाभर कॉफीसह तोंडात घोळवला. आठवडाभर झोप. आठवडाभर शांतता. थोरले साडू मान खाली घालून मफलर चाळवत बसले होते. यंत्र हरल्याचं दुःख असणार, त्याला वाटलं, आणि थोडी दयाही आली.

"दादा, वाईट वाटून घेऊ नका."

"वाईट?" साडू म्हणाले. त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "अरे, इतक्या वर्षांत मला आपणहून 'गा' म्हणणारा तू पहिला. मी तुला उगाच रंगारी रंगारी म्हणायचो. तू तर रसिक निघालास! टेकडीवर यायचं नाही म्हणतोस ना? नको येऊ. ठरलं ते ठरलं." ते सासऱ्यांकडे वळले. "मीच याच्याकडे जातो. आठवडाभर."

त्यानं बायकोकडे बघितलं. दावे फेटाळणं हे तिचं काम होतं. यासाठीच तर माणूस लग्न करतो.

बायकोनं शांतपणे कपाच्या तळाची कॉफी खरवडून घेतली.

"पैजेत," ती म्हणाली, "पाहुणे येऊ नयेत असं काही ठरलं नव्हतं."