लॉरेल कॉटेजमधली गैरहजेरी

आमच्या नेदर पेलिंगमध्ये घरांना नंबर नाहीत, नावं आहेत. दारावर नंबर लावणं हे शहरी लोकांचं काम, असं गावाचं मत. त्यामुळे विल्फ पास्कचं घर ‘लॉरेल कॉटेज’ आणि रस्त्यापलीकडचं घर ‘द लॉरेल्स’, आणि वर्षानुवर्षं एकाची पत्रं दुसऱ्याच्या दारात पडत आलेली. पूर्वी याचं कुणाला काही वाटत नसे. विल्फची बायको नोरीन चुकून आलेली पत्रं घेऊन पलीकडे जायची आणि तासभर गप्पा मारून परत यायची. पुढे द लॉरेल्स लंडनच्या जॅस्पर लाइल नावाच्या कलावंताने विकत घेतलं, आणि त्याच थंडीत नोरीन वारली.

या नोरीनने गावाला जन्मभर केक खाऊ घातला होता. चर्चच्या छपराची वर्गणी असो, क्रिकेटचा सामना असो, टेबलाच्या मधोमध तिचा केक असायचाच. ती गेल्यावर गाव हळहळलं, नाही असं नाही, पण आपल्या पद्धतीने. दाराच्या फटीतून कार्डं आत पडली. एका बाईने उंबऱ्यावर खिमा-बटाट्याचं भांडं ठेवलं, घंटा वाजवली, आणि विल्फ दार उघडेपर्यंत ती बाई कोपऱ्यापलीकडे पोचलीसुद्धा होती. आत कुणी आलं नाही. ‘त्याला एकटं राहू द्यावं,’ असं जो तो दुसऱ्याला सांगत होता. विल्फला एकटं राहायचं नव्हतं, पण ते त्याला कुणी विचारलं नाही, आणि न विचारता असलं काही सांगायची आमच्याकडे रीत नाही. शिवाय विल्फ आयुष्यभर बस चालवत आलेला. समोरच्याने हात केल्याशिवाय थांबायचं नाही, हे त्याच्या अंगात मुरलेलं. लोक रस्त्यात भेटले की हवेबद्दल बोलायचे, आणि हवा संपली की पलीकडच्या बाजूने चालू लागायचे.

मग उन्हाळा आला आणि त्याबरोबर गावाचा कलासप्ताह. आठवडाभर बँड, नाटुकली, फुलांची सजावट, आणि शेवटच्या शनिवार-रविवारी ‘घरोघरी कला’. ज्या घरात कुणी चित्रं काढतं, मडकी घडवतं, लोकरीची घुबडं करतं, त्या घराच्या फाटकाला पिवळा झेंडा लागतो. तिकीट काढून हातात नकाशा घेऊन फिरणाऱ्यांनी झेंडा दिसला की दार न वाजवता सरळ आत शिरायचं. इतर वेळी शेजाऱ्याच्या कुंपणावर कोपर टेकतानाही परवानगी मागणारं गाव या दोन दिवसांत एकमेकांच्या स्वयंपाकघरांत मोकाट हिंडतं.

त्या वर्षी नकाशावर सातव्या नंबरला जॅस्पर लाइल होता. त्याचं ‘मांडणशिल्प’ होतं. ज्याला चित्र काढता येत नाही आणि मूर्तीही घडवता येत नाही, त्याने खोलीत वस्तू मांडून ठेवल्या की त्याला मांडणशिल्प म्हणतात. जॅस्परने आपल्या गॅरेजात एक बादली ठेवली होती. शिल्पाचं नाव ‘गैरहजेरी’. नकाशात खाली लिहिलं होतं: ‘कधीच न परतणाऱ्या व्यक्तीने मागे सोडलेली जागा. कलावंत समोर येणार नाही. कृपया कशालाही हात लावू नये.’

झेंडे बांधायचं काम समितीच्या अध्यक्ष रोझलिंड टफ्नेलबाईंच्या यजमानांकडे होतं. ह्यू टफ्नेल स्वभावाने चोख, पण चष्मा घरी विसरलेले. सातव्या नंबरचा झेंडा त्यांनी लॉरेल कॉटेजला बांधला, गाठ दोनदा तपासली आणि निघून गेले.

शनिवारी सकाळी विल्फ चहात टोस्ट बुडवत बसला होता, तेव्हा मागच्या दाराने चार माणसं आत आली आणि भिंतीला लागून गप्प उभी राहिली. त्यांच्यात गावचं दुकान चालवणारी ग्लेनिस होती आणि गवती हॅट घातलेल्या एक परक्या बाई होत्या. विल्फ गडबडून उठला. ग्लेनिसने मान हलवून त्याला बसा अशी खूण केली, आणि तिचे डोळे भरून आले.

खोलीत विल्फने काहीही हलवलं नव्हतं. चुलीपाशी दोन खुर्च्या होत्या, एकीच्या पाठीवर नोरीनचं करडं स्वेटर. त्याच खुर्चीच्या हातावर अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं, त्यावर तिचा चष्मा. मागच्या दाराशी चिखल वाळलेले तिचे बूट. लोक प्रत्येक वस्तूसमोर थांबत होते, श्वास आत ओढत होते. विल्फला वाटलं, आले. उशिरा का होईना, गाव नोरीनसाठी आलं. त्याने किटली चुलीवर ठेवली.

“किती दिवस लागले हो?” हॅटवाल्या बाईंनी हळूच विचारलं.

“आठ महिने,” विल्फ म्हणाला. “शेवटी शेवटी फार ओढाताण झाली.”

“दिसतंय ना. आणि सगळं एकट्यानेच?”

“नर्सबाई यायच्या मधूनमधून.”

बाईंना हे फारच आवडलं. “नर्ससुद्धा घेतली? कुठवर विचार करतात ही माणसं. आणि ही खुर्ची?”

“तिचीच. बसा की तुम्ही. बसलात तर बरं वाटेल मला.”

“छे छे, हात लावायचा नसतो, वाचलंय मी.”

विल्फला त्या बाईंचं फार कौतुक वाटलं. ओळख ना पाळख, पण केवढा मान. तिकडे बोळात ग्लेनिस नवऱ्याच्या कानाशी लागून म्हणत होती की जॅस्पर लंडनचा असला तरी त्याला माणूस कळतो. नोरीनचंच घर घ्यायचं आणि विल्फलाच आत बसवायचं, हे सुचलं कसं त्याला. पण विल्फचा डावा कान बसच्या इंजिनाने कधीच बाद झाला होता, त्यामुळे हे काही त्याच्यापर्यंत आलं नाही.

दुपारपर्यंत फाटकाबाहेर रांग लागली. आमच्याकडे रांग दिसली की माणसं आधी तिच्यात उभी राहतात आणि ती कशाची आहे ते मागाहून विचारतात. विल्फने नोरीनच्या दुखण्याची हकीकत पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली, पुन्हा सांगितली, आणि लोक माना खाली घालून ऐकत राहिले. इतके महिने हवेबद्दल बोलणारी हीच माणसं आता विचारत होती की ती शेवटी काय बोलली, तुम्ही रात्री काय करता, तुम्हाला झोप लागते का. तिकीट काढलेलं असलं की आम्हाला काहीही विचारता येतं.

नुसता चहा कसा द्यायचा, म्हणून विल्फने फडताळातला पत्र्याचा डबा काढला. त्यात नोरीनचा शेवटचा केक होता. सुकामेवा घातलेला, ब्रँडीत मुरवलेला, नाताळासाठी केलेला. नाताळ हॉस्पिटलात गेला, केक तसाच राहिला. त्यानंतर विल्फ अधूनमधून झाकण उघडून वास घ्यायचा आणि पुन्हा लावून टाकायचा. आज त्याने सुरी घेतली आणि पाहुण्यांसाठी तो कापला. नोरीनने हेच केलं असतं, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती.

“हाही त्याचाच भाग का?” कुणीतरी विचारलं.

“तिनेच केलाय,” विल्फ म्हणाला.

यावर सगळीकडे कौतुकाची कुजबुज झाली आणि लोकांनी दुसरा तुकडा घेतला. रविवारी दुपारी डब्यात चुरा उरला, तोही ह्यू टफ्नेलनी बोटाने टिपून खाल्ला. विल्फला वाईट वाटलं नाही. शनिवारी रात्री तो कितीतरी दिवसांनी गाढ झोपला होता, आणि टफ्नेलबाईंनी जाता जाता त्याचा हात दाबून सांगितलं होतं की संध्याकाळी बक्षीस-समारंभाला तंबूत या, तुमच्या घरालाच चषक मिळणार असं दिसतंय.

चषक म्हटल्यावर विल्फ समजला की गावाने नोरीनच्या नावाने काहीतरी ठेवलं. त्याने शर्टाला इस्त्री केली, लग्नाचा टाय बांधला आणि चार शब्द बोलावे लागतील म्हणून दोन वाक्यं पाठ केली. तंबूत तो पुढच्या रांगेत बसला. टफ्नेलबाई मंचावर आल्या, त्यांनी हवेचे आभार मानले आणि लोकांच्या पसंतीचा चषक जाहीर केला. “नंबर सात, ‘गैरहजेरी’. जॅस्पर लाइल.”

विल्फ अर्धा उठला होता. मागून जॅस्पर उठून पुढे आला, तेव्हा तो टाय सारखा करत खाली बसला.

जॅस्परची अवस्था याहून चमत्कारिक होती. कलावंत समोर येणार नाही असं लिहून बसल्यामुळे तो दोन दिवस वरच्या खोलीत पडद्याआड उभा होता, आणि त्याच्या गॅरेजकडे मांजरसुद्धा फिरकलं नव्हतं. पण समोर आलेला चषक परत करायला तोही काही संत नव्हता. “खरं सांगतो,” तो म्हणाला, “दोन दिवसांत माझ्याकडे एकही माणूस आला नाही.” सगळा तंबू हसला. “गैरहजेरी याहून पूर्ण होऊ शकत नाही.” यावर इतक्या टाळ्या पडल्या की तंबूच्या कडेला बांधलेलं कुत्रं भुंकू लागलं.

त्या गोंधळात हॅटवाल्या बाई विल्फजवळ येऊन बसल्या. “तुम्ही मात्र काय सुंदर बसला होतात हो. हे नाटक आहे असं एकदाही वाटलं नाही.”

“कसलं नाटक?”

“ते दुःख वगैरे. जॅस्परने शिकवलं का तुम्हाला?”

विल्फने त्यांच्याकडे पाहिलं, मग मंचाकडे पाहिलं. दोन दिवसांची सगळी माणसं त्याच्या डोळ्यांसमोरून पुन्हा आत आली आणि भिंतीला लागून उभी राहिली. “नाही बाई,” तो म्हणाला. “ते माझं मीच शिकलो.”

सोमवारी झेंडे उतरवायला ह्यू टफ्नेल चष्मा लावून निघाले, तेव्हा त्यांना घोळ समजला. समिती तातडीने बसली. चषक विल्फला द्यावा का, यावर बराच खल झाला. शेवटी ह्यूंनी मुद्दा मांडला की ते जर खरंच असेल तर त्याला कलेचं बक्षीस कसं देणार, आणि तो सर्वांना पटला. माफी मात्र मागायला हवी होती. तेवढ्यासाठी टफ्नेलबाई लॉरेल कॉटेजला आल्या आणि उंबऱ्याबाहेर उभ्या राहून बोलल्या.

“विल्फ, आम्ही फार फार दिलगीर आहोत. तुमच्या खाजगी दुःखात असं घुसायचं म्हणजे काय. कल्पनाच करवत नाही.”

“मला वाटलं, तुम्ही नोरीनसाठी आलात,” विल्फ म्हणाला.

टफ्नेलबाईंनी दाराशेजारच्या फुलझाडाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “यंदा हवा बरी आहे, नाही?”

“आत या ना. चहा ठेवतो.”

“नको नको, झाला तेवढा त्रास पुष्कळ झाला तुम्हाला,” असं म्हणत त्या मागच्या मागे फाटकापर्यंत गेल्या आणि झेंड्याची उरलेली दोरी सोडवून सोबत घेऊन गेल्या.

त्यानंतर गावाला विल्फसमोर यायची इतकी लाज वाटू लागली की हवेबद्दलचं बोलणंही बंद झालं. नोरीनच्या खुर्चीसमोर डोळे भरून आलेली ग्लेनिस आता त्याचं सामान मुकाट्याने पिशवीत भरायची आणि सुटे पैसे मोजण्यात गुंतून जायची. ज्यांनी केक खाल्ला होता ते तर दोन गल्ल्यांचा वळसा घेऊ लागले. खोटं आहे असं वाटत होतं तोवर गावाला ते दुःख सोसवलं, खरं निघाल्यावर मात्र ते कुणाच्याने बघवेना.

वर्ष गेलं. पुन्हा कलासप्ताह आला, पिवळे झेंडे लागले. शनिवारी सकाळी विल्फने नोरीनचा पिवळा एप्रन काढला आणि फाटकाला बांधला. चुलीपाशी दोन खुर्च्या, स्वेटर, चष्मा, बूट, सगळं होतं तिथेच होतं. फक्त केक नव्हता, म्हणून त्याने बशीत दुकानातली बिस्किटं मांडली. मग तो दार उघडं टाकून बसला.

गावातले सगळे एप्रन ओळखत होते. पाहून न पाहिल्यासारखं करत ते फाटकासमोरून भरभर पुढे गेले आणि पलीकडे द लॉरेल्समध्ये शिरले. तिथे जॅस्परने यंदा दोन बादल्या ठेवल्या होत्या. दुपार टळली. बिस्किटं नरम पडली.

उन्हं उतरताना परगावचं एक जोडपं नकाशा उलटासुलटा करत फाटकाशी थांबलं. माणूस म्हणाला की हे घर नकाशात दिसत नाही. बाई मात्र बागेतून दारापर्यंत आली, तिने आत डोकावून खुर्ची पाहिली, स्वेटर पाहिलं, आणि एकदम चपापली.

“अगंबाई, चुकलंच की आमचं. हे खरोखरीचं कुणाचं तरी घर दिसतंय,” ती म्हणाली, आणि तिने उंबऱ्यावर टेकलेला पाय मागे घेतला.

विल्फ खुर्चीतून घाईघाईने उठला.

“नाही हो,” तो म्हणाला. “सगळं बनवलेलं आहे. या, आत या.”

आणि तो चहा ठेवायला वळला.